तेरा किलो जास्त

७ मार्च, रविवार

ताई,

शाळेत आम्हाला ‘थोरल्या बहिणीस पत्र लिहा’ असा प्रश्न दरवर्षी यायचा. मला दहापैकी नऊ मिळायचे. एक मार्क अक्षराचा जायचा. घरी येऊन ते पत्र मी तुला कधी दाखवलं नाही, कारण दाखवून तू करणार काय होतीस? तेव्हा तू प्लायवुडच्या कारखान्यातून आलेली असायचीस आणि बोटांतली कुसळं काढत बसलेली असायचीस. आज तुला पहिल्यांदाच खरं पत्र लिहिते आहे आणि मायन्यापाशीच अडले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी शहाणी.

हे पत्र कंपाउंडरकाका वाचून दाखवतील. काका, तुम्हाला दुकान सोडून वर यावं लागेल, माफ करा. पण जसं लिहिलं आहे तसंच वाचा. मधलं गाळू नका आणि पदरचं घालू नका. तुम्ही घालता, मला माहीत आहे.

ताई, काल तू दार उघडलं नाहीस. खिडकीतूनच बोललीस. “तुझ्या कागदात तो कुठे आहे ते बघ, आणि तिथून काढून आण.” तुझ्यामागे चिमी नवा फ्रॉक घालून उभी होती, केसांना दोन रिबिनी. तिने मला हात केला आणि तू तो खाली ओढलास. मी बसथांब्यावर येऊन दोन तास बसले. तू मागून येशील असं वाटलं म्हणून नाही. पाय उचलेना म्हणून.

परत येऊन मी कागद बघितले. त्यात काय आहे ते सांगते.

माझं काम तुला नीटसं कधी सांगितलं नव्हतं. हेलिकॉप्टर छावणीवर जातं आणि येतं, दर दहा दिवसांनी. येताना कोण येणार आणि त्यांच्याबरोबर किती सामान, याची वजनं छावणी मला वायरलेसवर सांगते. मी ती मांडते. छावणी डोंगरावर आहे. हवा जितकी गरम, तितकं हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. माझ्यासमोर तक्ता असतो. तापमान बघायचं, त्यापुढचा आकडा बघायचा. एक तारखेला दुपारी तिकडे नेहमीपेक्षा दोन अंश जास्त होते. आकडा होता चारशे दहा. माझी बेरीज आली चारशे तेवीस. मी ती तीनदा केली.

तेरा किलो जास्त. एकाला थांबावं लागलं. भावजी थांबले.

ते वायरलेसवर स्वतः आले होते. “काय मेहुणीबाई, सरकारी तराजूत मी जड झालो का?” मी म्हटलं, पुढचं उड्डाण अकराला आहे. ते म्हणाले, “अकराला येऊन काय करू? सहाला चिमीचा शाळेत प्रवेश. बापाला समोर बसवून सही घेतात म्हणे. माझी सही पक्की झाली आहे, तूच शिकवलीस. आता अंगठा लावायचा का पुन्हा? चार दिवसांची वाट आहे, वर्षातून दोनदा तुडवतो. पाचाला घरी.” आणि मग, “ताईला सांगू नकोस, उगाच जीव टांगणीला लावेल.”

म्हणून मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं होतं सांगू नकोस.

भावजी पोचले नाहीत म्हणून काल सकाळीच छावणीला विचारलं होतं. उत्तर आलं की हमाल दोन तारखेला पहाटे स्वेच्छेने निघाला, सबब शोधाची जबाबदारी छावणीवर येत नाही. पोलीस ठाण्यात गेले, तर ते म्हणतात, ते जंगल लष्कराच्या हद्दीत, आम्हाला पाऊल टाकता येत नाही. मी उद्या अर्ज करते. अर्ज मला चांगला लिहिता येतो.

शाळेने मुदत वाढवून दिली ना? नसेल तर मी बाईंना भेटते.

धाकटी


८ मार्च, सोमवार

ताई,

संध्याकाळच्या बसने माझंच पाकीट परत आलं. पाठीवर काकांनी पेन्सिलीने लिहिलं आहे: “वाचून दाखवलं, दोनदा. भांडी घासत होती. म्हणाली, ‘अजून आहे.’ एवढंच.”

तू लहानपणीही असंच करायचीस. मी शाळेतून येऊन पट्टी हरवली सांगितली की तू माझ्याकडे न बघताच म्हणायचीस, अजून आहे. आणि असायचं. दुसऱ्या मुलीने मोडली असायची, आणि ती का, तर मी तिला चिडवलं म्हणून.

बरं. आहे.

कोणी थांबायचं ते छावणीने ठरवलं नाही. मी ठरवलं. नियम असा आहे की यादी मांडणारी कारकून नाव सुचवते आणि साहेब सही करतात. पाच जण होते. रजेवर निघालेले दोन शिपाई, तापाने फणफणलेला एक शिपाई, एक इंजिनियर आणि भावजी. तापाचा माणूस उतरवता येत नाही. इंजिनियर साहेबांच्या ओळखीचा. दोन शिपायांपैकी एकाचं नाव मी लिहिलं सुद्धा होतं. तेवढ्यात मनात आलं की उद्या कोणी म्हणेल, हिने स्वतःच्या मेहुण्याला बसवलं आणि सैनिकाला उतरवलं. म्हणून मी ते नाव खोडलं आणि भावजींचं लिहिलं.

म्हणजे ते माझे नसते तर आले असते. हे मी आठ दिवस मनाला असं सरळ म्हणू दिलं नव्हतं. आता लिहिल्यावर सरळ दिसतं.

आईबाबांनी तुला कारखान्यात आणि मला शाळेत पाठवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, घरात कागद वाचणारं एक माणूस हवं, म्हणजे कोणी फसवणार नाही. मला तेव्हापासून सारखी धाकधूक असते की आपल्या हातून काही चुकीचं लिहिलं जाईल. ऑफिसात मला ‘खोडरबर’ म्हणतात. मी हसते. पण रात्री उठून आकडे आठवते ते त्यांना माहीत नाही.

अर्ज दिला. साहेबांनी वाचून बाजूला ठेवला. “बाई, आलाच असेल कुठल्या तरी पाड्यावर. जंगलात राहणारा माणूस आहे. तुम्ही पाणी प्या.”

मी पाणी प्याले.

धाकटी


९ मार्च, मंगळवार

ताई,

पाकिटावर आज: “वाचलं. ती उठून खिडकीत गेली. तिथून म्हणाली, ‘तरीही अजून आहे.’ मुलीने विचारलं काय अजून आहे, तर तिला खाली खेळायला पाठवलं. पोरी, असेल ते लिहून टाक. मला दुकानात बसवत नाही. — कंपाउंडर”

काका, तुम्ही पदरचं घातलंत. बरं केलंत.

ताई, यादीत नाव खोडलं की शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. दोनच शब्द चालतात. ‘उतरवला’ किंवा ‘स्वेच्छेने’. ‘उतरवला’ लिहिलं तर एक पानी अहवाल लागतो: कोणाला, का, कोणाच्या सांगण्यावरून, सामान का नाही उतरवलं. आणि त्या माणसाची जबाबदारी पुढचं उड्डाण येईपर्यंत छावणीवर राहते. जेवण, झोपायची जागा. तो पायी निघाला तर बरोबर दोन शिपाई आणि वायरलेसचा संच. ‘स्वेच्छेने’ लिहिलं तर काहीच लागत नाही. माणूस आपल्या मर्जीने गेला, विषय संपला.

साहेब डबा उघडत होते. मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, “स्वेच्छेने लिहून टाका हो, अहवालाला कोण बसणार आता.” पण साहेबांवर ढकलत नाही. त्यांनी नसतं सांगितलं तरी मी तेच लिहिलं असतं. अहवालात ‘कोणाला’ आणि ‘का’ लिहावं लागलं असतं आणि मला भीती वाटली की चौकशी होईल, आणि मला कायम करायला तीन आठवडे उरले होते. भावजी पुढे म्हणालेच की चालत येतो. मी मनाशी म्हटलं, मग स्वेच्छेनेच झालं की. पण आधी मी लिहिलं आणि ते नंतर म्हणाले. माझ्या घड्याळाप्रमाणे दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर आहे.

सहा तारखेला छावणीचं उत्तर आलं, त्यातला तो शब्द माझाच होता. मला वाचताक्षणी कळलं. कोणी शोधायला जाणार नाही, कारण मी तसं लिहून ठेवलं आहे. मी तुझ्या खिडकीखाली उभी होते तेव्हा मला हे माहीत होतं. सात तारखेला तुला पत्र लिहिताना माहीत होतं. काल अर्ज लिहिताना माहीत होतं. छान अर्ज होता. त्यात तो शब्द मी टाळला होता.

आज दुपारी साहेबांकडे गेले. म्हटलं, नोंद खोटी आहे. माणूस उतरवला होता. मी खोटं लिहिलं.

त्यांनी दार लावलं. “तुम्हाला कळतंय का काय बोलताय? सरकारी रजिस्टर आहे. वहीतला जमाखर्च नाही, खोडायला.”

“कळतंय.”

“नोकरी तर जाईलच. मला पण ओढाल.”

“तुमचं नाव मी घेणार नाही. शब्द माझ्या अक्षरात आहे.”

“अहो, पण मिळणार काय त्यातून? आठ दिवस झाले!”

“शोध मिळेल. उतरवलेला माणूस छावणीचा असतो. त्यांना जावंच लागेल.”

 मग त्यांनी स्वतःच वायरलेस लावला. वाईट माणूस नाहीत. छावणीचे मेजर म्हणाले, मूळ रजिस्टर इकडे आणा, दुरुस्ती माझ्यासमोर होईल, दोन सह्या लागतील. उद्या सकाळी खास उड्डाण ठरलं. रजिस्टर न्यायचं म्हणून मलाही जायचं आहे.

ताई, ही हमी नाही, पण ते चिवट आहेत. दुसऱ्या नदीपाशी पाड्यावाल्यांची एक झोपडी असते असं ते सांगायचे. तिथे असतील. ताप आला असेल, पडून असतील. मी घेऊन येते.

धाकटी


१० मार्च, बुधवार. छावणी

ताई,

हे पत्र उद्या खाली जाणाऱ्या हेलिकॉप्टरबरोबर पाठवते.

सकाळी मला काट्यावर उभं केलं. आजवर शेकडो माणसांना मी उभं केलं असेल, पण स्वतः कधी चढले नव्हते. सत्तेचाळीस. पायलट म्हणाले, “रजिस्टर बाजूला ठेवून मोजा, तेच दोन किलो असेल.” मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

हेलिकॉप्टरमध्ये बोलता येत नाही, ओरडावं लागतं. दार एका बाजूने उघडंच ठेवतात. पहिली दहा मिनिटं मी डोळे मिटून रजिस्टर पोटाशी धरून बसले. मग उघडले. मला वाटलं होतं वरून झाडं दिसतील. झाडं दिसतच नाहीत, ताई. जुन्या टाकीच्या झाकणावर शेवाळ धरतं ना, तसं आहे, आणि ते संपतच नाही. मधेच एखाद्या फांदीवर पांढरी फुलं, मधेच धुकं वर येतं, दूध उतू जावं तसं, आणि विरतं. एक नदी दिसली, मातकट, तीही दोन वळणांनी आत गेली ती गेलीच. मी ती चार दिवसांची वाट शोधत होते. पायलटनी मला बघितलं असावं. ते ओरडले, “जमीन बघू नका! जमीन दिसत नाही! धूर बघा! नाहीतर रंग! जंगलात नसलेला रंग!”

मी तासभर तेच बघत होते. हिरव्यात हिरवं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वाऱ्याने.

छावणी म्हणजे डोंगराचं डोकं भादरून सपाट केलं आहे. पत्र्याच्या सात-आठ बराकी, वाळूच्या पोत्यांची भिंत, मधे पांढऱ्या चुन्याचा गोल, त्यावर आम्ही उतरलो. एक शिपाई वाळत घातलेले मोजे धरून उभा होता, उडू नयेत म्हणून. भावजी ज्या बराकीत राहायचे तिथे मी गेले. त्यांच्या खाटेवर दुसऱ्याचं अंथरूण होतं. भिंतीला कागद चिकटवलेला, त्यावर त्यांचं नाव, एकाखाली एक, चाळीस वेळा तरी. शेवटची सगळी सारखी आली आहेत. तो कागद मी काढून घेतला. मेजर म्हणाले, घ्या.

मेजर पन्नाशीचे आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, “गरमच आहे, माफ करा. फ्रिजची मोटर जळाली. दुरुस्तीला खाली पाठवली आहे, मागच्या फेरीला.”

मी विचारलं, “एक तारखेच्या?”

“हो. क्रेटमधून.”

ती क्रेट माझ्या यादीत होती. ‘यंत्रभाग, तातडीचा, एकतीस किलो.’ त्यावर ‘तातडीचा’ असा शिक्का होता म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी फक्त माणसांकडे बघितलं. ताई, मी ती क्रेट उतरवली असती तर वर अठरा किलो शिल्लक राहिले असते. ते पाणी मी प्याले. नाही म्हणता आलं नाही.

मग रजिस्टर उघडलं. मेजरनी मला तो शब्द मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. “हा कोणी लिहिला?” मी. “खरा आहे का?” नाही. मी त्यावर एक रेघ मारली, बाजूला ‘उतरवला’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. मेजरनी केली. ते म्हणाले, “तुमच्यावर कारवाई होणार, हे तुम्हाला माहीत आहे.” मग घड्याळ बघून म्हणाले, “आता हा माणूस माझा आहे.” आणि उठून बाहेर गेले आणि दहा मिनिटांत हेलिकॉप्टर सुरू झालं. दहा मिनिटांत, ताई.

मला बरोबर घेतलं, कारण भावजींचं सामान ओळखणारी मीच होते. वाटेच्या वरून, खाली, अगदी झाडांना पाय लागतील इतकं खाली. पहिली नदी, काही नाही. झोपडी दिसली, रिकामी, छप्पर बसलेलं. धूर कुठेच नाही. दुसऱ्या नदीपाशी पायलटनी एकदम वळवलं, मी पट्ट्याला लोंबकळले. गोट्यांचा एक मोकळा पट्टा आहे नदीकाठी, चार खाटा मावतील एवढा. त्यावर निळं.

ते त्यांचं प्लास्टिक आहे. पावसात अंगावर घेतात ते. एका कोपऱ्याला तू लाल चिंधी शिवली आहेस.

तिथे उतरता येत नाही, दोन्हीकडून फांद्या येतात. आम्ही तीन घिरट्या घातल्या. वाऱ्याने प्लास्टिक फडफडलं. बाकी काही हललं नाही. मी ओरडत होते, पण तुला सांगितलं ना, आत काही ऐकू येत नाही. मग इंधन संपत आलं.

सहा शिपाई आणि डॉक्टर पायी निघाले आहेत. उद्या संध्याकाळी पोचतील. पायलट म्हणतात, माणूस गाढ झोपला असेल, तापात ऐकू येत नाही. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं नाही.

धाकटी


११ मार्च, गुरुवार. छावणी

ताई,

वायरलेसच्या खोलीत बसले आहे. एक टेबल, दोन संच, भिंतीवर घड्याळ. दर दोन तासांनी तुकडीचा आवाज येतो. आठला म्हणाले, पहिली नदी ओलांडली. दहाला म्हणाले, पाऊस. बाराला काही ऐकू आलं नाही, नुसती खरखर. वायरलेसवाला बोलका आहे. म्हणतो, “तुमचे मेहुणे ना? नकला करायचे हो. मेजरसाहेबांची तर अशी करायचे की एकदा साहेब मागे उभे, यांना पत्ता नाही. साहेब म्हणाले, चाल बरोबर आहे, आवाज थोडा जाड काढ.”

मी हसले. मला त्यांनी घरी कधी नक्कल करून दाखवली नव्हती. मी आले की सावरून बसायचे. शिकलेली मेहुणी म्हणून. तूही माझ्यासमोर शब्द जपून बोलायचीस, कारण एकदा मी तुझा उच्चार सुधारला होता. चिमीच्या बारशाला. सगळ्यांसमोर. त्यानंतर मी घरात असले की तू कमी बोलायला लागलीस. मला कळलं होतं. मी माफी मागितली नाही, कारण उच्चार चूकच होता.

दोन वाजले. दुसऱ्या नदीच्या उतारावर आहेत.

देवाला मी काय काय कबूल करते आहे ते काकांना वाचायला नको म्हणून लिहीत नाही. ते जिवंत मिळू देत. पाय मोडलेले, शुद्ध नसलेले, मला ओळखणार नाहीत असे, कसेही. ताई, तू पण म्हण. तुझं ऐकलं जाईल.

चार वाजले.


१३ मार्च, शनिवार. छावणी

ताई,

काका, हे वाचताना चिमीला दुकानात तुमच्या बायकोकडे बसवा. तुम्ही स्वतः खुर्चीवर बसा. ताईला बसा म्हणू नका, ती बसणार नाही.

परवा संध्याकाळी तुला ऑफिसातून माणूस येऊन सांगून गेला. तो मीच पाठवायला लावला, पत्राआधी कळावं म्हणून. काल भावजींना इथे आणलं. मी बघितलं. मी त्यांचे हात धुतले.

आज सकाळी साहेब वायरलेसवर आले. म्हणाले, “तुमच्या बहिणीचा निरोप आहे. स्वतः ऑफिसात आली होती, पोरीला घेऊन. एवढाच आहे. ‘तो लगेच गेला का?’”

एवढा बसचा प्रवास करून तू आलीस आणि चार शब्द ठेवून गेलीस.

डॉक्टरांनी मला कालच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “घरचे विचारतील. लगेच गेला म्हणा. मीही तसंच लिहितो. कोणाचं काही बिघडत नाही, आणि बायकोला झोप लागते.” मेजरही तेच म्हणाले. दोघंही चांगले आहेत. मी रात्रभर विचार केला की खरं सांगून मला हलकं व्हायचं आहे का. असेल, तर ते तुझ्या डोक्यावर ओझं देणं आहे. तू विचारलं नसतंस, तर कदाचित मी बोलले नसते. पण तू विचारलंस. तुला वाचता येत नाही म्हणून आजवर तुला प्रत्येकाने आपापल्या सोयीचं वाचून दाखवलं. मीसुद्धा.

नाही, ताई. लगेच गेले नाहीत.

तीन तारखेला, निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीवरच्या ओंडक्यावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. तिथे झाडी दाट आहे, वरून काही दिसणार नाही, हे त्यांना माहीत होतं. छावणीत हेलिकॉप्टर उतरवताना धुराची खूण तेच करायचे. म्हणून ते नदीकाठाने सरपटत त्या मोकळ्या पट्ट्याकडे गेले. दिवसाला वीस-पंचवीस पावलं. तुकडीच्या हवालदाराने मला मोजून सांगितलं. वाटेत राखेचे चार ढीग आहेत. प्रत्येक पुढचा, आधीच्यापेक्षा उजेडात. चार दिवस, चार विस्तव. चारापासून सातापर्यंत.

पाचवा गोट्यांवर, अगदी मोकळ्यात. तो पेटवलेला नाही. वाळकं लाकूड नीट रचलेलं, धूर व्हावा म्हणून ओला पाला शेजारी वेगळा. काड्यापेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिशात, कोरडी, आत तीन काड्या. हवालदार म्हणाला, त्याने त्या राखून ठेवल्या होत्या. आवाज ऐकू आला की पेटवायचं, म्हणून.

मी डॉक्टरांना विचारलं, कधी? त्यांनी सांगायचं टाळलं. मी पुन्हा विचारलं. आठ तारखेला, बहुतेक दुपारनंतर. जखम चिघळून ताप चढला. मी विचारलं, आधी पोचलो असतो तर? ते म्हणाले, “पाय गेला असता.” मी विचारलं, “आणि माणूस?” ते म्हणाले, “माणूस नसता गेला.”

हिशोब कोणीही करणार नाही. छावणीच्या अहवालात तारखा वेगवेगळ्या पानांवर आहेत, कोणी शेजारी ठेवून बघणार नाही. म्हणून मीच ठेवते. मेजरना दहा मिनिटं लागली हे मी तुला लिहिलं आहे. छावणीचं उत्तर मला सहाला सकाळी मिळालं. तेव्हाच मी बोलले असते तर सातला हेलिकॉप्टर गेलं असतं. सातला ते शुद्धीत होते, चौथा विस्तव पेटवत होते. ते आवाजासाठी कान लावून होते आणि सहाला मी तुझ्या खिडकीखाली उभी होते. सातला मी शाळेच्या बाईंना भेटते असं लिहिलं. आठला पाणी प्याले.

हे पत्र आजच्या फेरीने पुढे पाठवते; डॉक्टरांचे कागद झाले की उद्या सकाळच्या उड्डाणाने त्यांना आणते आहे. अकराच्या सुमारास मैदानावर उतरू. चिमीला आणायचं की नाही ते तू ठरव. मी आधी उतरणार नाही. तू आलीस आणि म्हणालीस की उतर, तर उतरेन. नाही म्हणालीस तर ते उतरतील आणि मी आतच बसून राहीन, हे मी पायलटना सांगून ठेवलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. त्यांना पाच दिवस लागले, आणि मी सहाव्या दिवशी बोलले.